प्लायवूडच्या बाजूने

गिटार वाजवणाऱ्या चार जणांना एका टेबलाशी बसवा, चहा सांगा आणि सहज म्हणून विचारा, ‘यामाहाची एफ ३१० कशी वाटते?’ चहावर साय धरते, पण मतं संपत नाहीत. आमच्या सोलापुरात ही मतं ऐकायला पार्क चौपाटीवरची कुठलीही संध्याकाळ चालते. पाठीवर काळी बॅग अडकवलेलं एखादं पोरगं दिसलं की समजायचं, आत ३१० असणार. क्लासची पोरं तिला नुसतं ‘थ्री-टेन’ म्हणतात, कंपनीचं नाव लावत नाहीत. किंमत दहा हजारांच्या आसपास, बांधणी इंडोनेशियातली, आणि आपल्याकडे शिकाऊ माणसाच्या हातात पहिल्यांदा जी गिटार येते ती बहुतेक वेळा हीच.

मास्तर मंडळींचं मत ठरलेलं. सात रस्त्याजवळ शिकवणी घेणारे आमच्या ओळखीचे एक मास्तर आहेत, ते पालकांना दुसरं नावच सुचवत नाहीत. ‘डोळे झाकून घ्या. दहा खोकी उघडा, दहाही सारखीच निघतात.’ हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठं कौतुक. त्यांच्या तरुणपणी स्वस्तातल्या गिटारी यायच्या, त्यातली एखादी सोन्यासारखी लागायची आणि शेजारचीच मान वर्षभरात वाकायची. निवडून घेण्याची नजर शिकाऊ माणसाला कुठून असणार?

ऑर्केस्ट्रात आयुष्य गेलेल्या एका काकांचं म्हणणं वेगळं. ‘आवाज वरवरचा आहे. उघडी ई तार छेडली की पोटात काहीतरी हललं पाहिजे, ते हलत नाही.’ यात तथ्य आहे. आणि मग येतात सॉलिड टॉपवाले, म्हणजे गिटारीची वरची फळी अखंड लाकडाचीच हवी म्हणणारे. यांच्याकडे एकच वाक्य असतं आणि ते शेवटचं असतं: ‘प्लायवूड आहे लका ते, खोकं वाजवतोयस तू!’

ज्यांनी गिटार कधी हातात धरली नाही त्यांनाही मत असतंच. ‘यामाहा म्हणजे ती आरएक्स हंड्रेडवाली ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नये. त्या गाडीच्या टाकीवर आणि गिटारीच्या डोक्यावर एकच घराण्याचं नाव आहे, गाडीची कंपनी १९५५ साली वेगळी झाली एवढंच. मूळ पुरुष तोराकुसु यामाहा. १८८७ साली जपानमधल्या हमामात्सु गावच्या शाळेत एक परदेशी रीड ऑर्गन बिघडला होता, तो त्याने दुरुस्त केला. उघडून बघितल्यावर वाटलं, हे आपणही बनवू शकतो. बनवला. मग तो ऑर्गन खांद्यावर घेऊन हाकोनेचे डोंगर ओलांडून टोकियोला जाणकारांकडे नेला. जाणकार म्हणाले, बांधणी ठीक, सूर नाही. गडी तिथेच राहून सूर जुळवायचं शास्त्र शिकला आणि परत येऊन दुसरा बनवला. कंपनीच्या चिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क, म्हणजे सूर जुळवायचे काटे, एकमेकांत गुंतवलेत ते उगाच नाही. आपल्या वस्तूबद्दल लोकांनी तोंडावर मत द्यायची परंपरा तिथपासूनची.

गिटारीची एफजी मालिका आली १९६६ साली. १९६९ च्या वूडस्टॉकला, म्हणजे अमेरिकेतल्या त्या गाजलेल्या संगीत महोत्सवात, कंट्री जो मॅकडोनल्ड हा गायक चार लाखांच्या गर्दीपुढे एकटा उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात यामाहाची एफजी १५० होती, तीही ऐनवेळी मिळालेली. सॉलिड टॉपवाल्यांना मी मुद्दाम एक गोष्ट ऐकवतो. त्या सुरुवातीच्या काळातली एफजी १८०, जिच्या आतल्या लाल लेबलावर जुन्या गिटारींचे शौकीन जीव टाकतात, तिचाही टॉप प्लायचाच होता. त्यावर ते म्हणतात, ‘ते जुनं प्लाय, ते वेगळं.’ बरं.

आता भांडण नेमकं कशावरून, ते सांगतो. गिटारीचा आवाज निघतो मुख्यतः वरच्या फळीतून. ही फळी स्प्रूस नावाच्या झाडाच्या अखंड लाकडाची असेल तर ती मोकळी थरथरते आणि वाजवून वाजवून वर्षागणिक खुलत जाते. प्लायमध्ये पातळ थर एकमेकांच्या आडव्या रेषांनी चिकटवलेले असतात. वरचा थर दिसायला स्प्रूसचा, पण खालचा त्याला मोकळं हलू देत नाही. आवाज थोडा कोंडतो. इथपर्यंत सॉलिडवाल्यांचं सगळं मान्य.

पण जो थर दुसऱ्याला हलू देत नाही तो त्याला आक्रसूही देत नाही, आणि सोलापुरात हा मुद्दा लहान नाही. अखंड लाकडाच्या गिटारीला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के दमटपणा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की दुपारच्या हवेत त्याच्या निम्मासुद्धा ओलावा राहत नाही. दोरीवरची जाडजूड सोलापुरी चादर तासाभरात कडकडीत वाळते त्या हवेत दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या लाकडाचं काय होत असेल! लाकूड रेषेच्या आडवं आकसतं, जायला जागा नसते, मग तडकतं. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका मित्राने पुण्याहून सॉलिड टॉपची, चांगली महागातली गिटार आणली आणि हौसेने भिंतीवर टांगली. ती भिंत पश्चिमेची. उन्हाळा संपायच्या आत पुलापासून (फळीवर तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) खालच्या कडेपर्यंत केसासारखी चीर गेली. कंपनीचा दोष नव्हता, भिंतीचा होता.

त्यानंतर गड्याने जे उपाय केले ते बघण्यासारखे होते. आधी गिटार कूलरच्या खोलीत आणली. कूलरच्या ओल्या वाऱ्याने फळी फुगली आणि तारा बोटभर वर गेल्या (बोटभर हे त्याचं माप, माझं नाही). मग साबणाच्या डबीला भोकं पाडून, आत ओला स्पंज कोंबून ती डबी गिटारीच्या बॅगेत ठेवायला सुरुवात केली. हा उपाय खरोखर चालतो. फक्त दर दोन-तीन दिवसांनी स्पंज ओला करायचा असतो, आणि तो गावाला गेला की हे काम त्याच्या आईकडे येतं. आई तुळशीला पाणी घातल्यावर स्पंजालाही घालतात.

मला विचाराल तर आमच्या गावची गिटार कडक भाकरीसारखी असावी. मऊ गरम भाकरीची चव तिला नाही हे कबूल, पण कापडात गुंडाळून महिनाभर ठेवली तरी ती तिथेच असते. ३१० पलंगाखाली असते, गड्ड्याच्या यात्रेत मित्रांच्या घोळक्यात फिरते, दुचाकीवर दोघांच्या मध्ये चेपते, आणि काढली की वाजते.

प्लायवूड सगळ्यातून वाचवतं असंही नाही. मानेवरची पट्टी अखंड लाकडाचीच असते. एप्रिलमध्ये मानेच्या कडेवरून हात फिरवा, फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला लागतात. पट्टी आकसली, धातू होता तिथेच राहिला.

लोकांची खरी तक्रार मात्र लाकडाची नसतेच, ती तारांच्या उंचीची असते. एका बोटाने सगळ्या तारा दाबायची ती एफची बार कॉर्ड धरताना बोटं रडकुंडीला येतात आणि पोरं म्हणतात, गिटार बेकार आहे. कारखान्यातून तारा जरा उंच येतात ते सोयीचंच असतं, कारण उतरवणं सोपं, चढवणं अवघड. मास्तरांचं हे काम मी अनेकदा बघत बसलोय. आधी मान सरळ आहे का बघायचं, नसेल तर ॲलन की घालून ती करायची. मग तारा सैल करून, पुलावरची सॅडलची पांढरी पट्टी पकडीने अलगद उपटायची, तिच्या बुडाशी पेन्सिलची रेघ मारायची आणि काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर रेघेपर्यंत घासायची. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर खाली हवी असेल तर पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. घासताना मास्तर बोलत नाहीत. पूर्व भागातला त्यांचा एक विद्यार्थी, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारा, तारा पुन्हा चढवल्यावर एफ दाबून बघतो आणि दोन्ही भाषांत एकच उद्गार काढतो.

भाच्याने परवा विचारलं, ‘मामा, एफजी ८०० घेऊ का? सॉलिड टॉप आहे.’ गिटार उत्तमच आहे ती, त्यात वाद नाही. मी म्हटलं, दर दोन-तीन दिवसांनी स्पंज ओला करशील? दात घासायला आईला दोनदा हाक मारावी लागते तुला. शेवटी ३१० आली, तंबाखू रंगाची, आणि उरलेल्या पैशांतून मास्तरांकडून पट्टी घासून घेतली, दहा नंबरचा, म्हणजे बारीक तारांचा हलका संचही चढवला. सध्या घरात सकाळ-संध्याकाळ जी, डी, ई मायनर, सी एवढंच चालू आहे. आवाजाबद्दल भाच्याचं मत चांगलं आहे. बहिणीला मी अजून विचारलेलं नाही.