तुम्ही विचारलंत म्हणून : गूळ पिवळा घ्यावा की काळा?

कर्नाटकातल्या निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी पट्ट्यातल्या गुऱ्हाळांची माहिती असलेल्या माणसाला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. पिवळा गूळ केमिकलचा आणि काळा गूळ चांगला, हे खरं ना? खरं नाही. नुसत्या रंगावरून हा निकाल देता येत नाही, आणि तसा तो दिल्यामुळे चांगला गूळ करणाऱ्याचं नुकसान होतंय.

पिवळ्या रंगाचा हट्ट बाजाराचा. सौद्यात व्यापारी रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडतो आणि आधी रंग बघतो. कोल्हापूरच्या पेठेतून गुजरातेत जाणाऱ्या मालाला पिवळाधमक रंग लागायचा, भाव त्यालाच मिळायचा. मग काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट) पडू लागलं. ही पूड रसातल्या रंगद्रव्यांचा रंग उडवते, पण रसातला मळ आहे तसाच राहतो. हा रंग टिकतही नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळपट होतो. तिच्यामुळे गुळात सल्फर डायऑक्साइड राहतो, आणि तो किलोमागे 70 मिलिग्रॅमच्या वर नसावा असा नियम आहे. काहिलीजवळ पूड मोजून टाकायची सवय नसेल, तर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

पुढं शहरातल्या गिऱ्हाइकाला हे कळलं. पाकिटावर ‘केमिकल फ्री’ आलं, आणि त्यासोबत गडद तपकिरी रंग म्हणजेच शुद्धता ही समजूतही आली. पण गूळ काळा व्हायला कारणं भरपूर आहेत, आणि त्यातली बरीचशी दोषाचीच आहेत. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला, मळी (रसातला मळ) नीट काढली नाही, चुना जास्त झाला, पाक तळाला लागला, लोखंडी काहील गंजलेली होती, उसाला युरिया उशिरापर्यंत दिला. यातल्या कोणत्याही कारणानं गूळ काळा पडतो. हायड्रॉस नसलं तरी तो गूळ चांगला झाला असं म्हणता येणार नाही.

हायड्रॉसशिवाय सोनेरी गूळ निघतो. त्याची तयारी फडापासून होते. को 86032 किंवा को 92005 सारख्या जातीचा ऊस, निचऱ्याची जमीन, मोठ्या बांधणीनंतर, म्हणजे उसाला मातीची भर दिल्यावर, नत्र बंद. चोपण, म्हणजे खारवट, जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि लवकर पाझरतो. वाढ्याबरोबर (शेंड्याच्या पाल्याबरोबर) वरची दोन-तीन कांडीही छाटावीत, कारण तिथं साखर कमी आणि ग्लुकोज जास्त असतं. तोडल्यावर शक्यतो बारा तासांत गाळप झालं पाहिजे. उशीर झाला की साखरेचं विघटन होतं आणि गूळ घट्ट बसत नाही.

खरं कसब मळी काढण्यात. रस उकळायच्या आधी, तापत असतानाच मळी वर येते. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळायची आणि ते चिकट पाणी रसात घालायचं. त्या चिकटपणात बारीक गाळ अडकतो आणि साय धरल्यासारखी मळी वर जमते. ती झाऱ्यानं पूर्ण निघेपर्यंत जाळ मंदच ठेवावा लागतो. घाईनं जाळ वाढवला की उकळी फुटते, मळी रसात परत मिसळते, आणि मग ती काढता येत नाही. हायड्रॉसची गरज बहुतेक वेळा इथंच निर्माण होते. चुन्याची निवळी रसाची आंबट बाजू कमी करण्यापुरतीच घालायची. मळी गेल्यावर मात्र जाळ भरपूर हवा. पाक जितका जास्त वेळ रटरटेल तितका रंग गडद होतो.

105 अंश सेल्सिअसच्या आसपास काकवी, म्हणजे पातळ गूळ, मिळते, 118 च्या आसपास गूळ. अनुभवी गुळव्या (गूळ करणारा) थर्मामीटर वापरत नाही. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि भांड्याच्या कडेवर मारतो. गोळी टणक वाजली की काहील उतरवायची. थोडं आधी उतरवलं तर रवा मऊ राहतो, उशीर झाला तर करपट वास येतो. स्टेनलेस स्टीलची काहील असेल तर याच रसाचा गूळ उजळ होतो, कारण लोखंडाचा अंश रसातल्या घटकांशी मिळून जो काळेपणा आणतो, तो टळतो. टनभर उसातून साधारण 100 ते 120 किलो गूळ पडतो. वेळ देऊन मळी काढणाऱ्याचा दिवसाचा माल कमी निघतो, म्हणून त्याला चार पैसे जास्त मिळायला हवेत. ते रंगावरून ठरू लागले की त्याची मेहनत वाया जाते.

नावाचंही तसंच. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कर्नाटकातला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही तिकडची तक्रार जुनी आहे, आणि ती रास्त आहे. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडत नाही, ऊस दोन्हीकडे सारखाच उत्तम येतो. म्हणूनच आपला गूळ आपल्या गावाच्या नावानं विकायला हवा. दुसऱ्याच्या नावावर माल गेला की पुढच्या वर्षी मागणीही त्याच्याच नावानं येते.

आता पाकीट. ‘सेंद्रिय’ हा शब्द शेताबद्दल असतो, ‘केमिकल फ्री’ काहिलीबद्दल. रासायनिक खतावरच्या उसाचाही हायड्रॉसविना गूळ करता येतो. सेंद्रियचा दावा असेल तर ‘जैविक भारत’ ही सरकारी खूण शोधा. दहा किलोच्या रव्याऐवजी आता एक किलो, चहाचे क्यूब, पावडर असे प्रकार आलेत. पावडरीला पाक 120 अंशांच्या वर न्यावा लागतो आणि नंतर चाळून नीट वाळवावं लागतं. शिळ्या उसाची पावडर होत नाही, तिचे गोळे बनतात.

घरी एवढं करा. खडा पेलाभर पाण्यात विरघळवा आणि तासभर ठेवा, तळाला माती, चिपाडाचा चुरा दिसला तर मळी नीट निघालेली नाही. चव खारट लागता कामा नये. फोडल्यावर साखरेसारखे मोठे पांढरट दाणे चमकले तर साखर मिसळल्याची शंका घ्या. हायड्रॉस मात्र घरी पकडता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. म्हणून शक्य असेल तर गुऱ्हाळावर जा आणि मळी काढताना बघा. वर्षाचा गूळ जानेवारी-फेब्रुवारीत, ऊस पक्व असताना घ्या आणि पावसाळ्याआधी हवाबंद डब्यात भरा. गुळाच्या चहात दूध फाटतं म्हणून गुळाला दोष देऊ नका. गुळात थोडा आंबटपणा आणि क्षार असतातच. गॅस बंद करा, चहा जरा निवू द्या आणि मग गूळ घाला.