मुरमाड उतारावरची झाडं : एप्रिल ते पुढचा मे, वर्षभराच्या नोंदी

जागा पुरंदरच्या पूर्व भागातली, जेजुरीच्या अंगाची. पश्चिमेकडे उतार, वर वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, खालच्या टोकाला थोडी चुनखडी. पाऊस साधारण ५०० ते ६०० मिमी. त्यातला थोडा जूनमध्ये येतो, मग खंड पडतो आणि खरा भरवसा सप्टेंबरवर. रोपांची यादी एवढ्यावरूनच ठरते.

‘हार्डिनेस झोन’चा प्रश्न आधी निकाली काढू, कारण परदेशी संकेतस्थळं चाळून आलेला प्रत्येक नवा गडी तोच विचारतो. अमेरिकी कृषी खात्याचा हा नकाशा एकच गोष्ट सांगतो: वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती उतरते. एकूण १३ पट्टे, प्रत्येक ५.६ अंश सेल्सियसचा. न्यू जर्सीत एडिसनकडे राहणाऱ्या मराठी माणसाला तो हवाच. तिथल्या सातव्या पट्ट्यात पारा शून्याखाली १२ ते १८ अंश जातो, म्हणजे बहावा फक्त कुंडीत आणि थंडीत घराच्या आत. आपल्याकडे मात्र महाबळेश्वर, पुणे आणि जेजुरी ढोबळमानाने एकाच अकराव्या पट्ट्यात बसतात. महाबळेश्वरला ५,००० मिमीच्या वर पाऊस, जेजुरीला त्याच्या एक दशांश. ज्या आकड्याला हा फरक दिसत नाही, त्यावर आपण रोप निवडायचं नाही. निफाडसारख्या भागात एखाद्या वर्षी पारा ३-४ अंशांवर येतो तेव्हा कोवळ्या रोपांची थंडी बघावी लागते, बाकी पठारावर झाड मरतं ते मार्च ते जूनच्या तहानेने.

त्यापेक्षा राज्याचे ९ कृषी-हवामान विभाग कामाचे. ही जागा अवर्षणप्रवण विभागातली. विभाग कळला की उरलेलं उत्तर मातीकडून घ्यायचं, आणि माती पन्नास पावलांवर बदलते.

मातीची परीक्षा (एप्रिल)

पहार घेऊन दर पाच-सहा मीटरवर ठोकून बघायचं. पहार किती खोल जाते आणि आवाज कुठे बदलतो, ते कागदावर मांडायचं. मग चार-पाच ठिकाणी ४५ सेमी खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा आणि पुन्हा भरायचा. मोजायचं ते दुसऱ्या वेळी, कारण पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते आणि आकडा फसवा येतो. पातळी तासाला १ सेमीपेक्षा कमी उतरली तर तिथे पाणी साचणार: करंज किंवा अर्जुन चालेल, कडुनिंब नाही. २ ते ५ सेमी उत्तम. १० सेमीच्या वर गेली तर पाणी थांबतच नाही, तिथे आच्छादन जास्त आणि पाण्याच्या पाळ्या जवळ-जवळ.

चुनखडीसाठी मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकायचं. फसफसलं की चुना आहे. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर समजावं. त्यावर युरिया मारणारे भेटतात, पण त्याने फक्त पिवळी पानं वाढतात. चुनखडीवर हिवर, बाभूळ, शमी, बोर, कडुनिंब हे निभावतात.

यादी

वरच्या उघड्या मुरमावर, जिथे पहार फूटभरही जात नाही, तिथे हिवर, खैर, मेडशिंग, आपटा, मोई. दोन-अडीच फूट खोली मिळते तिथे बहावा, कडुनिंब, शिवण, वावळ. खालच्या ओलसर पट्ट्यात करंज, उंबर, चिंच. विजेच्या तारांखाली आपटा, मेडशिंग किंवा बारतोंडी, उंचीला आटोपशीर. वड, पिंपळ, नांद्रुक, उंबर ही मंडळी भिंत, टाकी आणि ड्रेनेजपासून किमान १० मीटर लांब.

हिवराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण रोपवाटिकेत त्याला कोणी विचारत नाही. पांढरट खोड, छत्रीसारखा पसरट माथा, पावसाळ्याच्या शेवटी फिकट पिवळ्या फुलांचे तुरे. उघड्या माळावर इतकं देखणं झाड दुसरं नाही. काटे असतात, म्हणून पायवाटेपासून ३ मीटर आत.

अंजनाची गोष्ट वेगळी. खानदेश आणि अकोला-बुलढाण्याकडचं हे झाड मुरमात, खडकाच्या फटीत उभं राहतं, पण पिशवीतून लावलं की रुसतं. पहिली काही वर्षं ते सगळी ताकद सोटमुळावर घालतं. वरचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो आणि पावसात बुडातून पुन्हा फुटतो. ‘मेलं’ म्हणून उपटू नये. बी जागेवरच टोकावं, एका खड्ड्यात तीन-चार, नंतर सशक्त एक ठेवावं.

यादीतून जाणीवपूर्वक गाळलेली: सीता अशोक (मार्चपासून पानांच्या कडा करपतात, त्याला सावली आणि ओलावा लागतो), तामण (राज्यपुष्प म्हणून प्रत्येक यादीत घुसतं, पण ते कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड), सुबाभूळ आणि गिरीपुष्प (जगतात खरी, पण मग दुसऱ्याला जगू देत नाहीत). गुलमोहराची मुळं वरच्या थरात पसरतात, मुरमावर तर आणखीच. वळवाच्या वाऱ्यात उन्मळतो. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

एक हिशोब बहुतेक याद्यांत चुकतो. शहरी वृक्षलागवडीत १०-२०-३० असा ठोकताळा आहे: एका जातीची झाडं १० टक्क्यांच्या आत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २०, एका कुळाची ३०. आता कोरड्या पठाराची नेहमीची यादी बघा: हिवर, खैर, बाभूळ, शमी, आपटा, अंजन, बहावा, पळस, पांगारा, करंज, शिरीष, चिंच. बाराच्या बारा शेंगावर्गीय कुळातली! एखादी कीड किंवा रोग त्या कुळावर बसला तर सगळी रांग एकदम जाते. पांगाऱ्यावर गाठी करणारी गांधीलमाशी आली तेव्हा शेजारचे सगळे पांगारे एकदमच वेडेवाकडे झाले होते. म्हणून मेडशिंग, मोई, वावळ, बोर, भोकर, धावडा, बारतोंडी, शिवण आग्रहाने घालायची. कडुनिंब कितीही भरवशाचा असला तरी पूर्ण रांग त्याचीच नको. तेलंगणात त्याच्या शेंडेमरीने उडवलेली दाणादाण ताजी आहे.

खड्डे (मे)

६० × ६० × ६० सेमी. म्हणजे २१६ लिटर. भरताना निघालेली माती-मुरूम अर्धा, पोयटा (गाळाची माती) पाव, कुजलेलं शेणखत पाव, वर निंबोळी पेंड ५०० ग्रॅम. शेणखत कच्चं असेल तर वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही येतात. हातात घेतल्यावर मातीचा वास यायला हवा, शेणाचा नाही. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा.

मुरमात यंत्राने घेतलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात. त्याचा हौद होतो: आत मऊ माती, बाहेर कठीण कवच, मुळं आतच गोल फिरतात आणि सप्टेंबरात पाणी तुंबून कुजतात. चारही बाजू आणि तळ पहारीने खरवडून फोडायचा. हे काम मजूर टाळतात, उभं राहून करून घ्यावं. माती जमिनीच्या १० सेमी वर भरायची, पहिल्या पावसात ती बसते.

उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्र बांध घालायचा. वरचं १० चौरस मीटर पाणलोट धरलं तर २० मिमीच्या सरीत २०० लिटर पडतात. त्यातलं तिसऱ्या हिश्श्याचं वाहून आलं तरी साठ-पासष्ट लिटर झाडाला मिळतात, फुकट.

लागवड (जून-जुलै)

पहिल्या सरीला भुलायचं नाही. माती ३० सेमीपर्यंत ओली झाल्याचं खोदून बघावं. जून कोरडा गेला तर थांबावं. मात्र ऑगस्टचा मध्य उलटला की मुळं पसरायला ओल पुरत नाही.

रोप तीन ते पाच फुटांचं घ्यावं. काठीशिवाय स्वतः उभं राहतं का ते दुकानातच काठी सोडून बघायचं. पिशवी फाडल्यावर तळाशी मुळांचं वेटोळं दिसलं तर खालचा २-३ सेमी भाग धारदार सुरीने सरळ कापायचा. वेटोळं तसंच राहिलं तर झाड सहा-सात वर्षांनी वाऱ्यात बुडातून आडवं होतं आणि दोष वाऱ्यावर जातो. कॉलर, म्हणजे खोड आणि मुळाचा सांधा, मातीच्या पातळीलाच हवा. दोन बांबू, मध्ये काथ्याची सैल आठाच्या आकाराची गाठ. नायलॉनची दोरी साल कापते.

पाणी (नोव्हेंबर ते जून)

आळं १ मीटर व्यासाचं, म्हणजे ०.७८ चौरस मीटर. त्यात २० लिटर घातले की २५ मिमी पावसाइतकं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठ-दहा दिवसांनी, मार्चपासून पाच दिवसांनी. ठिबक असेल तर ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, अडीच तास. ड्रिपर खोडाला चिकटवू नयेत. पहिल्या वर्षी ३० सेमी, दुसऱ्या वर्षी ६० सेमी लांब सरकवायचे, म्हणजे मुळं पाण्यामागे बाहेर जातात. रोज दोन मग पाणी देण्याची सवय सगळ्यात घातक: मुळं वरच्या चार बोटांत राहतात आणि एका आठवड्याची खोटी झाली की झाड जातं.

पालापाचोळ्याचं आच्छादन ८ ते १० सेमी, पण खोडाभोवती चार बोटं मोकळी, नाहीतर वाळवी आच्छादनातूनच सालीवर चढते. फेब्रुवारीत प्रत्येक झाडाभोवतीचं गवत एक मीटरपर्यंत काढून टाकावं. माळावर वणवा लागला की दोन वर्षांचं झाड पाच मिनिटांत संपतं.

दुसऱ्या वर्षी पाळी दुप्पट अंतराने, तिसऱ्या वर्षी फक्त एप्रिल-मे. हिवर, खैर, आपटा यांना तिसऱ्या वर्षी तेही लागत नाही. बहाव्याला लागतं.

पुढच्या हंगामासाठी

बहाव्याच्या शेंगा आत्ता काळ्या होऊन लोंबत आहेत, त्या उतरवून ठेवाव्यात. बियांचं कवच टणक असतं, वाळूच्या कागदावर एका बाजूने घासून रात्रभर भिजवलं की उगवण चांगली होते. कडुनिंबाचं मात्र साठवायचं नाही. जून-जुलैत निंबोळ्या पडल्या की गर धुऊन काही दिवसांत पेरावं. महिना-दोन महिन्यांत त्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने उतरते.