‘ऐकू नका’ पुढच्या पट्टीवर गेलं तेव्हा

नागपंचमी तोंडावर आली होती. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. सर्पदंशावर त्यांनी मोबाइलवर चार-साडेचार मिनिटांचा व्हिडिओ करून घेतला होता, त्याला मराठी सबटायटल्स टाकून हवी होती. दुपारी आशासेविकांची बैठक होती, त्यात तो दाखवायचा होता आणि मग ओपीडीबाहेरच्या टीव्हीवर दिवसभर फिरवत ठेवायचा होता. त्या टीव्हीचा आवाज कायम बंद असतो. चालू ठेवला तर केसपेपरच्या खिडकीतून पुकारलेली नावं कोणाला ऐकू येणार? म्हणजे खाली जे लिहिलेलं येईल, तोच पूर्ण व्हिडिओ.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओंचा. सिंधुदुर्गात पावसाळ्यात मुहूर्त नसतात, त्यामुळे असल्या कामांना मी नाही म्हणत नाही. पण आदल्या रात्री वाऱ्यापावसाने कुठेतरी झाड पडलं होतं आणि सगळा बाजार काळोखात होता. इन्व्हर्टरने पहाटेच मान टाकलेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच म्हातारी. उरला मोबाइल आणि एक पॉवर बँक. व्हिडिओ न्यायला रुग्णालयाने एका आशाताईंना पाठवलं होतं. त्या स्टुडिओत माझ्या शेजारी स्टुलावर छत्री निथळत ठेवून बसल्या.

डॉक्टर सरांनी भाषणाचा मजकूरही पाठवला होता. तो मिळाला तर अर्धं काम झालं, असं मला वाटलं. फाइल उघडली तर मराठीचा पत्ता नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सांडलेली. डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट आहे म्हणून तिथे ते मराठी दिसतं, बाकी जगात कुठेच नाही. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी सरकारी कामाचा कागद डीटीपीच्या दुकानातून असाच बाहेर पडतो. मजकूर बाजूला ठेवला आणि ॲपला सांगितलं, तूच ऐक आणि तूच लिही.

ॲपने बरंच बरोबर लिहिलं, हे मान्य करायला हवं. सर लातूरकडचे, बोलणं स्वच्छ पण वेगाचं. नाग त्याला बरोबर ऐकू आला. घोणसचं ‘गोणस’ केलं, मण्यारचं ‘मनिहार’ आणि फुरसेचं ‘फुरसत’. प्रतिसर्पविषाला सर ‘एएसव्ही’ म्हणतात. त्यामुळे ‘आपल्या रुग्णालयात एसटी मोफत उपलब्ध आहे’ असं एक वाक्य तयार झालं. आशाताई खळखळून हसल्या. सरांनी ओघात विंचवाचाही विषय काढला होता. कोकणात तो निघाला की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव आणि विंचूदंशावर त्यांनी वापरलेली प्राझोसिनची गोळी येणारच. त्या गोळीचा ॲपने ‘प्राजू सीन’ केला. ही दुरुस्ती मोबाइलवर अंगठ्याने करायची म्हणजे कीबोर्ड वर आला की व्हिडिओ दिसत नाही आणि व्हिडिओ बघावा तर अक्षर दिसत नाही. सुरुवातीचं ‘अठ्ठावन्न हजार’ मी आकड्यात केलं. देशात दरवर्षी सर्पदंशाने अंदाजे ५८,००० माणसं दगावतात, असं सर सांगतात. शब्दांत लिहिलं तर वाचणाऱ्याचा अर्धा वेळ त्या अक्षरांतच जातो.

मग फाँट. ॲपच्या देखण्या फाँटांपैकी बहुतेकांना देवनागरी झेपत नाही. ‘सर्पदंश’मधला रफार प वर न चढता मध्येच लटकतो, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, ‘मण्यार’मधल्या ण चा पाय मोडतो. मी मोबाइलमध्ये ‘मुक्ता’ ठेवलेला असतो. ‘एक टाइप’ नावाच्या संस्थेने केलेला हा फाँट फुकट आहे, जोडाक्षरं सरळ बसतात आणि जाड वळणात घेतला तर लांबूनही वाचता येतो. पांढरी अक्षरं आणि मागे काळी अर्धपारदर्शक पट्टी. सरांचा कोट पांढरा, मागची भिंत पांढरी, पट्टी नसती तर अक्षरं कोटात विरघळली असती.

इथपर्यंत सगळं रोजचंच. मी इअरफोन लावून सबटायटलच्या पट्ट्यांची वेळ जुळवत होते. लांबलचक मोबाइल रेकॉर्डिंगमध्ये ही एक कटकट असते. फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो आणि एडिटिंगमध्ये आणल्यावर सुरुवातीला नेमकी बसलेली पट्टी शेवटाकडे ओठांच्या मागे पडत जाते. मी शेवटून मागे येत एकेक सरकवत होते. आशाताई बाजूने वाकून स्क्रीन बघत होत्या. इअरफोन माझ्या कानात, त्यांना फक्त चित्र. मध्येच त्यांनी माझा दंड हलवला.

‘‘गे, म्हणजे दोरी बांधूक व्हयी?’’

मी थांबवलं. स्क्रीनवर सर, गळ्यात स्टेथोस्कोप, बोट वर केलेलं, चेहरा गंभीर. आणि खाली स्वच्छ अक्षरांत: ‘जखमेच्या वर दोरी घट्ट बांधा’.

सर बोलले होते ते असं: ‘जखमेच्या वर दोरी घट्ट बांधा असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका.’ बोलताना ‘बांधा’नंतर त्यांनी जोर देण्यासाठी थोडा श्वास घेतला होता. ॲपने त्या श्वासावर कापलं. पहिली पट्टी ‘जखमेच्या वर दोरी घट्ट बांधा’, दुसरी ‘असं कोणी सांगितलं तरी’, तिसरी ‘ऐकू नका’. एकही शब्द चुकलेला नव्हता. शुद्धलेखन बरोबर, वेळ बरोबर. माझ्या कानात पूर्ण वाक्य वाजत होतं म्हणून मला त्यात काही वावगं दिसलंच नसतं. आवाजाशिवाय बघणाऱ्याला मात्र दोन-अडीच सेकंद पांढऱ्या कोटातला डॉक्टर बोट उगारून सांगत होता की दोरी बांधा. तेवढ्यात केसपेपरसाठी नाव पुकारलं आणि माणूस उठला, तर तो तेवढंच घेऊन जाणार. आणि कोणी नेमका तिथेच स्क्रीनशॉट काढून गावच्या ग्रुपवर टाकला तर पुढचं बोलायलाच नको.

दोरीचं एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी: घट्ट आवळलं की पुढच्या भागाचं रक्त थांबतं. आमच्याकडे फुरसं आणि घोणस चावण्याचे प्रकार बरेच, त्यांच्या विषाने चावल्या जागेची नासाडी आधीच होत असते. त्यात दोरी. बोट, कधी हात गमवायची वेळ येते. आशाताईंना हे सगळं पाठ होतं, प्रशिक्षणात शिकवलेलं. म्हणूनच त्या दचकल्या. ज्याला ठाऊक नाही तो दचकणार नव्हता, तो मान हलवणार होता.

मी सरांना फोन लावला. ओपीडी चालू होती, मागे पोर रडत होतं.

‘‘सर, ते दोरीचं वाक्य परत शूट करून पाठवता येईल का? सरळ ‘दोरी बांधू नका’ एवढंच.’’

‘‘ताई, बाहेर साठ माणसं बसलीत. आता कुठलं शूटिंग?’’

‘‘मग खाली मी वेगळं लिहिते. ‘दोरी बांधू नका. कोणी सांगितलं तरी ऐकू नका.’ ’’

‘‘पण मी तसं बोललेलो नाही ना. बोललो ते आणि लिहिलं ते एकच असायला नको का?’’

त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मीही एरवी शब्दाला शब्द ठेवते. ऐकणाऱ्याच्या कानावर एक आणि डोळ्यापुढे दुसरं आलं की त्याला ते खटकतं. पण या व्हिडिओचा बघणारा ऐकणार नव्हता. मी त्यांना फक्त पहिल्या पट्टीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप केला आणि गप्प राहिले. फोन चालूच होता. पोराचं रडणं ऐकू येत राहिलं.

‘‘अरे बापरे,’’ सर म्हणाले. ‘‘बदला. सगळंच बघा एकदा.’’

सगळं बघितलं. सर्पदंशाच्या व्हिडिओत ‘नका’ किती असतात याची मला कल्पना नव्हती. चिरा देऊ नका, तोंडाने रक्त ओढू नका, बर्फ लावू नका, साप मारायला धावू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. आपल्या मराठीत नकार क्रियापदाच्याही मागे, अगदी शेवटी बसतो. यंत्र शब्द मोजून किंवा श्वास बघून कापतं आणि शेपूट पुढच्या पट्टीवर जातं. ‘जखमेवर ब्लेडने छोटा चिरा देऊन रक्त’ एका पट्टीवर, ‘काढू नका’ दुसऱ्या. मी ठरवलं की ‘नका’ आपल्या वाक्याला सोडून जाणार नाही. पट्टीत मावत नसेल तर वाक्य छाटायचं, तोडायचं नाही. ‘चिरा देऊ नका’ एवढंच पुरे, ब्लेड गेलं तरी चालेल.

सगळ्यात अवघड निघालं मण्यारीचं वाक्य. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, तोवर घरच्यांना पित्त वाटतं. यावर सर म्हणाले होते, ‘दुखत नाही म्हणून साप विषारी नाही असं समजू नका.’ एका वाक्यात तीन नकार. ते एका पट्टीत बसवलं तरी वाचणारा मधल्या ‘विषारी नाही’वर थांबून दिलासा घेणार. इथे मी बेधडक उलटं करून टाकलं: ‘दुखलं नाही तरी साप विषारी असू शकतो.’ सरांना विचारलंही नाही. नंतर त्यांनी ते वाचून मान डोलावली.

एक जागा उलट प्रकारची होती. मध्ये सर काही न बोलता काचेची नळी दाखवतात, त्यात पेशंटचं थोडं रक्त. बोलणं नाही म्हणून ॲपने खाली काहीच लिहिलं नव्हतं. आवाज बंद असलेल्या टीव्हीवर हे भलतंच दिसलं असतं, सर्पदंशाच्या व्हिडिओत मध्येच रक्ताची नळी आणि शांतता. मी सरांकडून समजून घेतलं आणि पट्टी टाकली: ‘हे रक्त २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विषाचा परिणाम आहे.’ घोणस-फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, त्यासाठीची ही साधी चाचणी. बोललेलं लिहिण्यापेक्षा न बोललेलं लिहिणं मला त्या दिवशी जास्त महत्त्वाचं वाटलं.

एक्स्पोर्ट होताना फोन तव्यासारखा तापला. पॉवर बँकेचा एकच दिवा उरला होता. अक्षरं व्हिडिओतच कायमची उमटवून घेतली, कारण सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओसोबत चालत नाही आणि रुग्णालयाच्या टीव्हीला देवनागरी फाइल दिली की त्यावर चौकोन येतात, हे मला आधीच्या एका कामात कळलं होतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर तो दाबून पाठवतं आणि बारीक काने-मात्रे फिसकटतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. टीव्हीसाठी ओटीजी केबल लावून पेन ड्राइव्हमध्ये घेतला आणि आशाताईंबरोबर मीच गेले. काय होतंय ते डोळ्यांनी बघायचं होतं.

ओपीडीबाहेर बाकडी भरलेली. रुग्णालयाचा जनरेटर चालू होता, टीव्ही लावला. बराच वेळ कोणी वर बघितलंच नाही. मग एक बाई शेजारच्या म्हातारीला वाचून दाखवू लागली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. दोरीची पट्टी तिने पूर्ण वाचली, पुढची अर्धी राहिली. ‘‘माका वाचूक येता, पन तां बेगीन जाता,’’ ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी टीव्ही लावला म्हणजे मीच जबाबदार. बरोबरच होतं. सरांच्या वेगाने पट्ट्या धावत होत्या, आणि मोठ्याने वाचणाऱ्याला तेवढा वेळ पुरत नाही.

पलीकडून एक गृहस्थ म्हणाले, ‘‘ह्या करू नको, ता करू नको. मगे करूचा काय?’’

काय करायचं ते व्हिडिओत होतं, पण शेवटी. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तसा फळीला हलका बांधून स्थिर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, माणसाला चालायला लावायचं नाही, १०८ला फोन करायचा आणि थेट रुग्णालय. बाकड्यावरचा माणूस सुरुवातीपासून बघत नाही, तो कुठूनही बघायला लागतो आणि कुठेही उठतो. तिथेच व्हरांड्यात, जनरेटरच्या प्लगवर फोन लावून मी दुसरी प्रत केली. ‘काय करायचं’ तो भाग उचलून पुढे आणला. पट्ट्यांना जास्त वेळ दिला आणि त्यासाठी सरांचा चेहरा जागोजागी गोठवला. (गोठवताना तोंड मिटलेलं असेल ती फ्रेम शोधायची, नाहीतर साहेब जांभई देताना दिसतात.) आणि वरच्या बाजूला पूर्ण वेळ दिसणारी एक ओळ टाकली: ‘साप चावला? १०८ला फोन. थेट रुग्णालय.’ त्यात एकही ‘नका’ नाही.

पुढचं काम जंगलातल्या गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापाच्या व्हिडिओचं आलं, दोडामार्गाच्या बाजूला तो दर हंगामात डोकं वर काढतो म्हणून. या वेळी सरांनी शूटिंगच्या आधीच मजकूर पाठवला, तोही युनिकोडमध्ये. मी खूश होऊन उघडला. पहिलंच वाक्य होतं, ‘जंगलात जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही.’

मी फोन लावला.