लोकलने कार्ला आणि भाजे, एका दिवसात (लोहगड त्यात कोंबू नका)

‘कार्ला-भाजे-लोहगड, एका दिवसात आरामात’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो चुकीचा आहे. स्वतःची गाडी असली आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास थांबून फोटो काढून निघायचं असलं तरच तो खरा. लोकलने जाऊन कार्ला आणि भाजे ही बौद्ध लेणी पायी बघणाऱ्याने लोहगड किल्ला वेगळ्या दिवसासाठी ठेवावा. मळवलीहून भाज्यावरून लोहगडवाडीला चालत पोचायला दोन तास लागतात. पुढे गडाची चढण आहे, चार दरवाजे आहेत, विंचूकाटा या लांबट माचीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं आहे आणि तेवढंच परतही यायचं आहे. लोहगड हवाच असेल तर कार्ला सोडा. भाजे लोहगडाच्या वाटेवरच आहे, कार्ला रुळांच्या पलीकडे, अगदी उलट्या दिशेला.

पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि लोणावळ्याच्या आधीच्या स्टेशनावर, मळवलीला उतरा. एक्सप्रेस गाड्या मळवलीला थांबत नाहीत. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल घ्यावी आणि एक स्टेशन मागे यावं. दुपारी लोकल फार कमी असतात आणि रविवारी ब्लॉकही असतो. म्हणून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच लिहून ठेवा, एकच गाडी धरून बसू नका. जाण्यायेण्याचं तिकीट दोन कप चहाच्या पैशांत होतं. दोन्ही लेण्यांना भारतीयांसाठी माणशी २५ रुपये आहेत, ऑनलाइन काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दिवसाचा अटळ खर्च एवढाच.

या दिवशी खिसा कापला जातो तो रिक्षात. स्टेशनाबाहेर पडलात की ‘भाजे लांब आहे, चालत जमणार नाही’ हे वाक्य ऐकू येईल. भाजे गाव तीन किलोमीटरही नाही. स्टेशनावरून निघायचं, एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडायचा आणि सरळ गावात जायचं. रस्ता डांबरी आणि जवळपास सपाट आहे, पाऊण तासात लेण्यांच्या पायऱ्यांशी पोचता. एवढ्या रस्त्यासाठी दोन्ही लेणी आणि वेटिंग धरून दिवसभराचं पॅकेज गळ्यात मारतात. बसण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: भाडं माणशी की गाडीचं, एकेरी की जाऊन-येऊन, आणि कार्ल्याला खालच्या पायथ्याशी सोडणार की वरच्या पार्किंगपर्यंत नेणार. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. ‘कार्ला लेणी’ म्हणून भाडं ठरतं, गाडी पायथ्याशी थांबते आणि वर न्यायचे पैसे वेगळे मागितले जातात. आमचं मत विचाराल तर रिक्षा फक्त सकाळी कार्ल्याला जाताना घ्यावी, तीसुद्धा एकेरी. बाकी सगळं चालत होतं.

आधी कार्ला, मग भाजे. हा क्रम उलटा करू नका. याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण गर्दी. कार्ल्याच्या चैत्याच्या (स्तूप असलेल्या मुख्य लेण्याच्या) अगदी दारात एकवीरा आईचं देऊळ आहे आणि दर्शनाची रांग चैत्यासमोरच्या अंगणातच वळते. रविवारी दहानंतर तिथे धड उभं राहता येत नाही. चैत्रातल्या यात्रेत आणि नवरात्रात लेणी बघायला जाऊच नये, ते दिवस देवीचे आणि भाविकांचे. जमलं तर शनिवार गाठा. तिकीटखिडकी नऊला उघडते असं धरून नऊच्या ठोक्याला वर पोचायचं, म्हणजे सातच्या आतली लोकल हवी.

दुसरं कारण उजेड. दोन्ही चैत्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणजे ऊन आत शिरतं ते दुपारनंतर. भाज्याचा दर्शनी भाग पूर्ण उघडा असल्यामुळे ते ऊन खोलवर जातं. कार्ल्याला दारात दगडी भिंत आहे आणि उजेड मुख्यतः वरच्या कमानीतून येतो. तिथे कोणत्याही वेळी टॉर्च लागतोच, मग दुपारचं ऊन भाज्यासाठी राखून ठेवलेलं बरं.

कार्ल्याच्या पायऱ्या पायथ्यापासून साडेतीनशेच्या आसपास आहेत. दोन्ही बाजूंना ओटी-प्रसादाची दुकानं आहेत आणि ‘चपला इथंच काढा’ असा आग्रह अगदी खालपासून सुरू होतो. ऐकू नका. चपला देवळात जातानाच काढायच्या असतात. दुपारी तापलेल्या दगडावरून अनवाणी उतरताना पाय पोळतात. माकडं आहेत, खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

चैत्यात घाई नको. स्तूपाला वळसा घालणाऱ्या रांगेत ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांवर हत्ती आणि त्यांवर बसलेल्या जोड्या आहेत, स्तूपामागचे सात खांब साधे आहेत. वर बघा: छताच्या कमानी सागवानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडी आधाराची गरज नव्हती, तरी त्या बसवल्या, कारण तेव्हाच्या लाकडी वास्तूचं रूप हवं होतं. खांबांवर दात्यांचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावच्या यवनांची (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणत) नावंही आहेत. टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसत नाही. तो खांबाला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका धरा. अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या दगडावर ओळ उमटते. दाराबाहेर वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीचा (धनिक व्यापाऱ्याचा) लेख आहे. हे शैलगृह (डोंगरात कोरलेलं घर) जंबुद्वीपात सर्वोत्तम, असं त्याने कोरून ठेवलं आहे. दीड तास इथे सहज जातो.

उतरून कार्ला फाट्यावर जेवून घ्या, भाज्याला पोटभरीचं काही मिळेल या भरवशावर राहू नका. फाट्यावर जुना मुंबई-पुणे हायवे ओलांडावा लागतो. दिवसातली खरी धोक्याची जागा हीच. गाड्या वेग कमी करत नाहीत. मुलं बरोबर असतील तर हात धरून आणि सगळ्यांनी एकदम ओलांडा. पुढे इंद्रायणी ओलांडून मळवली. हा टप्पा उन्हाचा आणि कंटाळवाणा आहे. माणशी दोन लिटर पाणी लागतं ते इथेच.

भाज्याला अडीच-तीनपर्यंत पोचा. पायऱ्या पंधरा-वीस मिनिटांच्या आहेत. बावीस लेणी आहेत, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे कार्ल्याच्या चैत्याहून जुनी. बहुतेक लोक चैत्यापुढे फोटो काढून दहा मिनिटांत खाली उतरतात. मोठी चूक. आधी चैत्याचे अष्टकोनी खांब मधोमध उभं राहून बघा. सगळे आत झुकलेले आहेत. लाकडी मंडपात छताच्या रेट्याने खांब बाहेर ढकलले जाऊ नयेत म्हणून ते तिरके रोवत. इथे रेटा नाही, अख्खा डोंगरच डोक्यावर आहे, तरी कारागिराने तो तिरकेपणा दगडात जसाच्या तसा कोरला. दर्शनी भागातली भोकं बघा, तिथे लाकडी दर्शनी बांधकाम जोडलेलं होतं, ते आता उरलेलं नाही.

मग चैत्याकडे तोंड करून उजवीकडे चालत राहा. चौदा दगडी स्तूपांचा पुंजका लागतो, काहींवर थेरांची (ज्येष्ठ भिक्षूंची) नावं आहेत. त्याच बाजूला एकोणीस क्रमांकाचा विहार (भिक्षूंच्या राहण्याचं लेणं), सूर्यलेणं. जाळी बंद दिसली तर पहारेकऱ्याला विचारा. व्हरांड्यात एकीकडे रथातली आकृती आहे, दुसरीकडे प्रचंड हत्तीवरचा स्वार. अनेक अभ्यासक त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात, काहींना ते मान्य नाही. हत्तीच्या खालच्या भागात एक बाई दोन उभी तालवाद्यं दोन हातांनी वाजवते आहे आणि शेजारी दुसरी नाचते आहे. शिल्प छोटं आहे, गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही. चारच्या सुमाराला तिरपं ऊन आलं की वाजवणारीचे हात सुटे दिसू लागतात. या एका शिल्पासाठी रिक्षाची कटकट, हायवे आणि ऊन सगळं सोसावं.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार मात्र टाळाच. भाज्याच्या धबधब्यासाठी एवढी माणसं येतात की गावातला रस्ता बंद पडतो आणि पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. साडेचारला उतरायला लागा, तासाभरात स्टेशन.