काठी अजून शेडमध्येच का?

"रंगच द्यायचा होता ना? मग दिवाळी उलटली तरी बोटीची डोलकाठी शेडमध्येच कशी?" जेट्टीवर, लग्नात, किराणा दुकानात, सगळीकडे हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

रंग हे शेवटचं काम, आणि ते पावसाळ्यात होत नाही. हार्डनर घालून लावायचा पॉलियुरेथेन रंग हवेतल्या दमटपणाने निस्तेज पडतो. ॲल्युमिनियम घासून उघडं केलं की त्यावर लगेच ऑक्साइड धरायला लागतं. त्याच दिवशी प्रायमर गेला नाही तर घासलेलं फुकट. जुलैत रेवदंड्याला असा कोरडा दिवस मिळाला तर मलाही कळवा.

हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं गूजनेकपाशी आहे, म्हणजे बूम, शिडाच्या खालचा आडवा दांडा, जिथे काठीला जोडतात त्या सांध्यापाशी. तिथे स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या काठीत बसवलेले. दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी गेलं की झिजतं ते ॲल्युमिनियम. रंगाला फोड आले होते, खरवडले की पांढरी भुकटी. स्क्रू काही केल्या हलेनात. मच्छीमार बोटींची इंजिनं बघणारे मिस्त्री गॅसची नळी घेऊन आले. "लाल झालं की सुटेल, ताई." मी ओरडलेच. लोखंड लाल होतं, हे लाल न होताच वितळतं, 660 अंशांना. आणि ताकद तर त्याच्या कितीतरी आधी जाते.

मग हीट गनने बेताचा शेक, तेल, पुन्हा शेक. एक स्क्रू निघाला. दुसऱ्याचं डोकंच तुटलं, तो ड्रिल मारून काढला. स्क्रूंनी धरलेली सांध्याची पट्टी सुटली तसा मिस्त्रींनी तिच्याखालच्या काठीवर सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला. टोक आत गेलं. जोर लावलाच नव्हता. दोघंही गप्प.

गेल्या मोसमात याच सांध्यावर आम्ही भरवाऱ्यात मांडव्याला गेलो होतो. बूमच्या बाजूला माझी भाची बसली होती. तेव्हा हा सांधा उखडला असता तर, याच्या पुढचं मी कुणाशी बोललेली नाही. आता 'एवढा कसला उशीर' म्हणून हसा.

पूर्वी मीच हसायचे. बोट पाण्यात असावी, तिला न्हाऊमाखू काय घालायचं, असं म्हणायचे. ते अगदी चूक होतं असं आजही वाटत नाही. शेडमधल्या बोटी मी सडताना पाहिल्यात. आणि खरं सांगू? सगळा उशीर पावसाने केलेला नाही. पॉलिश पेपर घेऊन बसलं की कुणी काही विचारत नाही, तेही आवडायला लागलंय.

भोकावर ॲल्युमिनियमची जाड पट्टी रिव्हेटने बसवलीय. वेल्डिंग नको म्हटलं, तापल्या जागी काठी मऊ पडते. मिस्त्रींच्या मते आता ती मूळपेक्षा मजबूत आहे. मला पटत नाही. नव्या काठीचा भाव काढून ठेवलाय, घरी अजून सांगितलेला नाही.