पौषवारीच्या वाटेवर एक नवा पाळक

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आषाढीला नाथांची पालखी पंढरपूरला जाते आणि पौषात वारकरी नाथांच्या समाधीला येतात. म्हणून एकादशीच्या आधीच्या दिवसांत सिन्नर, निफाड, येवला, चांदवड, दिंडोरी, शिवाय नगर आणि खानदेशाकडून नाशिकला येणारे सगळे रस्ते दिंड्यांनी भरलेले असतात. मी नाशिकचाच असल्यामुळे या दिंड्या रस्त्याच्या कडेला उभा राहून लहानपणापासून पाहत आलो. यंदा प्रथमच त्यांच्यातून चाललो. मी ख्रिस्ती आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नाशिक धर्मप्रांतात गेल्या वर्षाअखेरीस बिशपांनी माझ्या मस्तकावर हात ठेवून मला डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली, आणि पहिल्या मंडळीचे, म्हणजे एका चर्चच्या भाविकांचे, काम हाती घेण्याआधी मी ही वाट धरली.

बोलावणे आले ते नानांकडून. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी पूर्वी नोकरीला होतो तिथे ते लेथवर होते आणि मी तपासणी विभागात. ते सिन्नर तालुक्यातले, माळकरी. दीक्षेची बातमी सांगायला मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "झाली ना तुझी दीक्षा? मग यंदा त्र्यंबकला पायी चल आमच्याबरोबर. काही करू नकोस, नुसता चाल." दीक्षा झालेल्या माणसाने दिंडीत चालावे का, असे आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सरळ विचारले. प्रश्न रास्त होता, आणि ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या ज्येष्ठ पाळकांकडे मी तो घेऊन गेलो. त्यांनी दोनच अटी घातल्या. आपण कोण आहोत हे पहिल्याच मुक्कामाला सांगायचे, लपवून चालायचे नाही. आणि जे आपल्या विश्वासात बसत नाही तिथे नम्रपणे बाजूला उभे राहायचे. दोन्ही अटी मला शेवटपर्यंत पुरल्या.

सिन्नर सोडून मोहदरी घाट उतरलो तेव्हा अजून उजाडायचे होते आणि थंडी अंगाला चावत होती. पुढे पताका, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग आणि वीणा, त्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, असा दिंडीचा क्रम आहे आणि तो कोणी मोडत नाही. मला टाळ दिले गेले. मंडळीत मी वर्षानुवर्षे पेटी वाजवली असल्यामुळे ताल सापडायला वेळ लागला नाही, शिवाय चालही परकी नव्हती. आमच्या उपासनेत जी भजने आम्ही पेटी-तबल्यावर म्हणतो, त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची आहेत आणि ती अभंगाच्याच घडणीची आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. तेव्हा या वाटेवर आमच्या माणसांची पावले आधीच उमटलेली आहेत, हे मनात असल्यामुळे मला पाहुण्यासारखे वाटले नाही. अभंगातले जे शब्द मला म्हणता येत नव्हते तिथे मी नुसते टाळ वाजवले. कोणी त्याबद्दल विचारले नाही.

पळसे मागे टाकून नाशिक रोड ओलांडल्यावर पुणे रस्त्यावर बाळ येशूचे तीर्थस्थान लागते. फेब्रुवारीत तिथे मोठा सण होतो आणि त्याला सगळ्या धर्मांचे लोक येतात. दिंडी तिथून पुढे जात असताना रांगेतल्या अनेकांनी चालता चालताच टाळ छातीशी धरून त्या दिशेला मान लववली. नानांनी मला कोपराने खूण केली, पण ते बोलले काही नाहीत.

त्या रात्री नाशिकच्या मुक्कामी कीर्तन झाले. कीर्तनकारांनी लावलेले आख्यान नाथांच्या लहानपणीचे होते. संन्यास सोडून संसारात परतल्याबद्दल वाळीत टाकलेले विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालत होते, तेव्हा वाघ समोर आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि थोरला निवृत्ती चुकून एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ होते. त्यांनी त्या मुलाला उपदेश केला, आणि घरी परतल्यावर निवृत्तीने तो धाकट्या ज्ञानदेवाला दिला. पुढे जगाने ज्ञानदेवांचे नाव घेतले, गुरू मात्र थोरला भाऊ राहिला. ही कथा ऐकताना मला बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवत राहिला. येशू १२ वर्षांचा असताना आईबापांबरोबर यहुद्यांच्या वल्हांडण सणासाठी यरुशलेमेस गेला. नासरेथकडे परतणारा तो जथा एवढा मोठा होता की मुलगा आपल्यात नाही, हे एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत मरीया आणि योसेफ यांच्या ध्यानात आले नाही. तो त्यांना मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला सापडला. या दोन कथा एकच सांगतात असे मी म्हणणार नाही, त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि तो वेगळेपणा मी जपतो. पण यात्रेला निघालेल्या माणसांतून मुलगा चुकतो आणि जिथे सापडतो तिथेच त्याचे काम त्याला सापडलेले असते, हे दोन्हीकडे आहे. आणि मला माझे काम जिथे सापडले ती जागाही मी स्वतः निवडलेली नव्हती.

२०२०च्या सप्टेंबरात नाशिकमध्ये करोनाचा जोर होता. आमचे पाळक स्वतः विलगीकरणात होते आणि मंडळीतल्या एका वृद्ध बाईंचे निधन झाले. त्यांचा मुलगा परदेशात अडकलेला, सून रुग्णालयात. पाळकांनी मला फोन करून सांगितले, "उपासनेचे पुस्तक घेऊन जा आणि दफनविधी वाच." मी त्यांना म्हणालो की मी फक्त पेटी वाजवतो. ते म्हणाले, "तुला वाचता येते ना?" स्मशानभूमीत आम्ही मोजकी माणसे होतो, आणि जवळचे म्हणावे असे त्यांत कोणी नव्हते. "मीच पुनरुत्थान व जीवन आहे" हे येशूचे वाक्य मी लहानपणापासून दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. मास्कच्या आडून, अनोळखी कर्मचाऱ्यांपुढे, ते मोठ्याने वाचायची वेळ माझ्यावर आली आणि वाचता वाचता मला कळले की हे मला खरे वाटते. तोवर मी ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणून ख्रिस्ती होतो. त्या दिवशी मी स्वतःच्या जिभेने विश्वास धरला. मग दुसऱ्या घरातून फोन आला, नंतर आणखी एका. देवाची वाणी कानी पडली असे काही झाले नाही. लोक बोलावत राहिले आणि नाही म्हणणे मला जमेना. पाचारण म्हणून मला जे सांगता येते ते एवढेच आहे.

हे सगळे मी नानांना सांगितले ते दुसऱ्या दिवशी पहाटे, त्र्यंबक नाका ओलांडताना. तिथून शरणपूर जवळच आहे, म्हणून त्या जागेचीही गोष्ट सांगितली, कारण नाशिकमध्ये राहूनही ती फार थोड्यांना ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ख्रिस्ती वसाहत उभी केली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शाळा दिली. आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६५ साली त्यांतली काही मुले आपल्या तिथल्या प्रवासासाठी निवडली. नंतर गेलेल्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ साली आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा जवळ कोणी पाद्री नव्हता. त्याचे हृदय झाडाखाली पुरताना दफनविधी वाचला तो नाशिकला शिकलेल्या या जेकबने. त्यानंतर सोबत्यांनी तो देह हजार मैलांहून अधिक वाट चालून समुद्रकिनाऱ्यावर पोहोचवला, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता. धर्मशास्त्र शिकताना मंडळीच्या इतिहासात हे मी वाचले आणि बराच वेळ पान उलटू शकलो नाही. दीक्षा नसलेल्या, गुलामीतून सुटलेल्या त्या तरुणाने हाताशी आलेले पुस्तक उघडून वाचले होते. नाना ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या आधी वाचणारा इथलाच होता की."

सातपूरला आमच्या जुन्या कारखान्याच्या रस्त्यावरून जाताना पहिल्या पाळीचे कामगार चहा घेऊन उभे होते. ती नोकरी सोडणे सोपे नव्हते. वडील लवकर गेलेले, आई परिचारिका म्हणून निवृत्त झालेली, घराचे हप्ते चालू. पाळकाचे मानधन किती असते हे आईला माझ्याहून चांगले माहीत होते. ती काही दिवस माझ्याशी त्या विषयावर बोललीच नाही आणि मग एका संध्याकाळी तिने विचारले, "लोकांच्या दारी जाणारा माणूस होणार तू. दार उघडलं नाही तर राग तर धरणार नाहीस?" मी काय उत्तर दिले ते महत्त्वाचे नाही. तिच्या प्रश्नाने मला पुढची वर्षे कामाला लावले. पास्टोरेट कमिटीची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, शिफारस, धर्मप्रांताची मुलाखत, पुण्यात बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीची चार वर्षे, ग्रीक आणि हिब्रूची तोंडओळख, सुट्टीत खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमध्ये काम, हे सगळे रीतसर झाले. मुलाखतीत मला विचारले गेले होते, "तुम्हाला उपदेश करायला आवडतो की माणसे आवडतात?" हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारावा आणि दीक्षेनंतरही दर वर्षी विचारावा, असे माझे मत आहे.

महिरावणीच्या पुढे अंजनेरीचा डोंगर जवळ येऊ लागला तेव्हा वीणेकरी बदलले. वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा आधी वीणेकऱ्याच्या पाया पडला, मग त्याने ती गळ्यात घातली, आणि तोवर ज्याला सगळे वंदन करत होते तोच देणारा खाली वाकून घेणाऱ्याच्या पाया पडला. नवा वीणेकरी विशीतला मुलगा होता, जुने सत्तरीचे. भजन एका मात्रेनेही थांबले नाही. मला दीक्षाविधीत मस्तकावर टेकलेले हात आठवले, आणि त्या वेळी माझ्या मनात जी धास्ती होती तीही. एवढे मोठे काम आपल्या एकट्याच्या गळ्यात पडले, आता ते आपल्यालाच पेलायचे, असे मी तेव्हापासून धरून बसलो होतो. त्या मुलाच्या चेहऱ्यावर तसले काही दिसत नव्हते. त्याला ठाऊक होते की थोड्या वेळाने त्यालाही ती पुढे द्यायची आहे, तोवर नीट वाजवायची. बिशपांच्या हातांवरही कुणाचे तरी हात ठेवले गेले होते, त्यांच्या आधीच्यांवरही. हे मी परीक्षेत लिहिलेले आहे, पण मला ते समजले अंजनेरीच्या रस्त्यावर.

दिंडीत सगळे सगळ्यांच्या पाया पडतात आणि प्रत्येक जण माउली असतो. आमच्याकडे पाळकाच्या पाया पडण्याची पद्धत नाही. एका विसाव्याला तुळस घेतलेल्या आजींना नानांनी सांगितले की हे चर्चचे पाळक आहेत, तशा त्या उठल्या आणि मी अडवायच्या आत त्यांनी माझ्या पायांना हात लावला. मी वाकून त्यांचे पाय धरले. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि एका बोटाला चिंधी बांधलेली होती. आज्ञादानाच्या गुरुवारी, म्हणजे येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीच्या स्मरणार्थ, आमच्या उपासनेत पाळक मंडळीतल्या काहींचे पाय धुतो. लोक त्या दिवशी पाय स्वच्छ धुऊन येतात. पुढच्या वेळी तो विधी करताना मला या आजींचे पाय आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

यंदा एकादशी आणि संक्रांत एकाच दिवशी आल्या होत्या, त्यामुळे त्र्यंबकमध्ये गर्दीला पार नव्हता. दिंडी समाधीच्या दर्शनाला रांगेत उभी राहिली तेव्हा मी ठरल्याप्रमाणे बाहेर थांबलो आणि सगळ्यांच्या पिशव्या, चपला सांभाळायला बसलो. दर्शन करून लवकर परतलेल्या एक बाई माझ्या शेजारी टेकल्या. मी कोण हे त्यांना मुक्कामापासून माहीत होते. त्यांनी आपल्या मुलाबद्दल सांगायला सुरुवात केली. तो घर सोडून गेला होता, फोन उचलत नव्हता. मी मधे काही बोललो नाही, आणि त्यांनीही उपाय विचारला नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या देवाला सांगा माझ्या पोराचं." मी तिथेच, त्यांच्याच बोलीतले साधे शब्द घेऊन प्रार्थना केली. त्या हात जोडून बसल्या होत्या. मुलाचे नाव मी लिहून घेतले, आणि रविवारच्या मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी केलेल्या, प्रार्थनेत ते घेतले जाते.

यंदा, २०२६ साली, १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार आहे. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात मंडळीतल्या प्रत्येक घरी पायी जायचे, असे मी कमिटीशी बोलून ठरवले आहे. घरे नाशिक रोडपासून सातपूरपर्यंत पसरलेली आहेत, त्यामुळे रोज थोडी थोडी घ्यावी लागतील. ज्यांना अंथरुणातून उठून उपासनेला येणे जमत नाही त्यांच्यापासून सुरुवात करायची आहे, आणि पहिल्या दिवशी नानांनीही बरोबर येतो म्हणून सांगितले आहे.