दोन मिनिटांत मंडळी सांगा

परवा पणजीत चर्च प्लांटिंगची, म्हणजे नवीन मंडळ्या (चर्च) उभ्या करणाऱ्यांची, दोन दिवसांची कॉन्फरन्स होती, तिथं जाऊन आलो. कशाला गेलो ते सरळ सांगतो, सपोर्ट बघायला. शिकायला मिळेल वगैरे होतंच, पण नुसतं शिकायला म्हणून दीड हजार रजिस्ट्रेशन भरणाऱ्यातला मी नाही. मिसेसलाही तेच सांगून निघालो की दोघातिघांनी जरी महिन्याला काही देतो म्हटलं तरी खोलीचं भाडं सुटेल.

आमची मंडळी म्हणजे वास्कोत बायणाच्या बाजूला भाड्याची एक खोली. मी मूळचा गडहिंग्लजचा, वेर्ण्याला कंपनीत शिफ्ट करतो आणि रविवारी संध्याकाळी उपासना घेतो, मराठीत. मोठी माणसं सतरा, पोरं धरून तेवीस. बेळगाव, सावंतवाडी, सोलापूर, कुठून कुठून पोटापाण्याला आलेली. भाडं साडेचार हजार, अर्पण येतं तीनच्या आसपास, उरलेलं माझ्या पगारातून. त्यात गेल्या पावसाळ्यात ढोलकीची एक पुडी फाटली ती तशीच आहे, आता आम्ही टाळ्यांवर भागवतो.

वास्कोहून कदंबाची शटल पकडली आणि वेळेत पोचलो. नवीन झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला पूर्वीसारखं लटकावं लागत नाही. गळ्यात अडकवायचा बिल्ला मिळाला, त्यावर नाव आणि खाली संस्था. बाकी सगळ्यांच्या बिल्ल्यावर लांबलचक मिशनची नावं, मी फॉर्ममध्ये तो रकाना रिकामा सोडलेला म्हणून माझ्यावर नुसतं 'सेल्फ'. दोन दिवस मी 'सेल्फ' म्हणून फिरलो.

पहिलंच सेशन होतं स्वावलंबी मंडळीवर. म्हणजे मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः बघायचा, स्वतःचा खर्च स्वतः उचलायचा, स्वतःच पुढे वाढायचं. हे एकोणिसाव्या शतकात हेन्री व्हेन आणि रुफस अँडरसन यांनी मांडलं. ऐकताना मला हसू येत होतं कारण हॉलमधले अर्धे लोक माझ्यासारखेच सपोर्ट शोधायला आलेले, आणि अँडरसन ज्या अमेरिकन बोर्ड नावाच्या मिशनरी संस्थेचे सेक्रेटरी होते त्याच बोर्डाचं काम 1813 ला आपल्या मुंबईत सुरू झालं. पुढे त्याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळक होते आणि 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार हा येशूभक्तांचा मेळा सुरू केला. टिळकांनी पगार सोडला आणि इकडं मी तोच शोधत बसलोय, असं वाटून जरा ओशाळलो खरं. पण मग हेही वाटलं की बायबलातला प्रेषित पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता हे सगळे सांगतात, फिलिप्पैच्या मंडळीने त्याला थेस्सलनीकात असताना एकदा सोडून दोनदा मदत पाठवली हे कोणी सांगत नाही. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या त्याच्या पत्रात आहे, चौथा अध्याय. तंबूवाल्यांचं उदाहरण देणाऱ्यांचा स्वतःचा पगार बहुतेक वेळा कुठूनतरी चालू असतो हे माझं निरीक्षण.

संध्याकाळी ते मुख्य होतं ज्याच्यासाठी मी आलेलो. टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर कुठल्या तरी मिशनचा माणूस, आपण समोर बसायचं, दोन मिनिटांत काम सांगायचं, घंटी वाजली की पुढच्या टेबलावर. आमच्याकडं लग्नाच्या स्थळाला सुद्धा पोहे खाईपर्यंत वेळ देतात.

प्रश्न सगळीकडं तेच. लोकगट कोणता (म्हणजे काम कुठल्या समाजात), बाप्तिस्मे किती, पाच वर्षांत किती मंडळ्या उभ्या राहणार. मी सतरा म्हटलं की समोरचा माणूस पेन हातात धरून पुढच्या आकड्याची वाट बघायचा. एका टेबलावर मी आमच्या मंडळीतल्या एका भावाबद्दल सांगायला लागलो, तो बंदरावर हमालीला आहे, जहाज लागलं की कधीपण फोन येतो म्हणून उपासनेत दाराला टेकून बसतो, फोन उलटा मांडीवर, आणि फोन आला की चप्पल हातात घेऊनच पळतो म्हणजे पायऱ्यांवर आवाज नको. दोन वर्षं येतोय. बाप्तिस्मा घेतलेला नाही, गावी म्हातारे आईबाप आहेत, म्हणतो एवढ्यात नको, आणि मी कधी घाई केली नाही. तर त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मी विचारायला आणि घंटी वाजायला एकच गाठ पडली. तसंही हे बाप्तिस्म्यांचे आकडे कागदावर लिहून कोणाच्या हातात द्यायला मला आजकाल भीती वाटते, आणि लाजही वाटते, दोन्ही.

दुसऱ्या टेबलावर विचारलं, गोव्यात तर आधीच पंचवीस टक्के ख्रिस्ती, आणि तुम्ही मराठीत काम करता? कोंकणीत करा ना. म्हटलं ब्रदर, इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स 1579 ला गोव्यात उतरले आणि त्यांनी येशूची गोष्ट मराठी ओव्यांत लिहिली, ख्रिस्तपुराण, दहा हजारांवर ओव्या, 1616 ला इथंच राशोलला छापलं, अक्षरं रोमन पण भाषा मराठी. ते 'वा, इंटरेस्टिंग' म्हणाले. घंटी.

एक परदेशी ब्रदर मात्र खरंच मायाळू निघाले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, अकाउंट नंबर पाठव. आता त्यांना कसं सांगू. चहा गार होईपर्यंत समजावलं की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या रजिस्ट्रेशनशिवाय मंडळीच्या कामाला मी परदेशातला एक रुपया घेऊ शकत नाही, ज्या संस्थांकडं रजिस्ट्रेशन आहे त्यांचं परदेशी पैशाचं खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत लागतं, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे पण देऊ शकत नाहीत. ते माझ्याकडं असं बघत होते जणू मी नको म्हणायचं कारण शोधतोय. शेवटी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या लाइनीत बेळगावकडचे एक पास्टर मागे उभे होते, वयस्कर. बिल्ला वाचून म्हणाले, "सेल्फ म्हणजे काय हो, एकटेच?" सांगितलं सगळं. त्यांनी एकच विचारलं, "ढोलकी कोण वाजवतं?" दोन दिवसांत आकडा सोडून विचारलेला हा पहिला प्रश्न. मग ताटं घेऊन भिंतीकडेला बसलो ते पुढचं सेशन चुकलंच, कुठली भजनं कुठल्या चालीवर म्हणता, बायका पुढे होऊन म्हणतात का, कीर्तन करून बघितलं का. पैसे त्यांच्याकडंही नव्हते, ते स्वतः सपोर्टलाच आलेले. पुडी बसवून देणाऱ्याचा पत्ता मात्र टिशूवर लिहून दिला.

घरी आलो तेव्हा खिशात सहा व्हिजिटिंग कार्डं होती. आतापर्यंत दोघांचे मेसेज आलेत, दोन्हीत हात जोडलेले. एका मिशनने फॉर्म पाठवलाय, महिनाअखेरपर्यंत भरायचा, त्यात पाच वर्षांचा रकाना आहे, तिथपर्यंत भरून ठेवलाय.

रविवारी उपासना संपल्यावर सोलापूरच्या मावशींनी विचारलंच, "पास्टर, झालं का काय पैशाचं?" म्हटलं अजून नाही मावशी. "आणि जेवण?" म्हटलं शाकुती होती, दोन्ही दिवस. मावशी म्हणाल्या मग दीड हजारातलं तेवढं तरी वसूल झालं.

ढोलकी गुरुवारी बेळगावला जातेय, आमच्यातलाच एक जण सुट्टीवर निघालाय त्याच्याबरोबर.